मोक्खामने अडवलेला स्लॅब

मोक्खाम मावशीला कुणी "जरा दमानं घे" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "दमानं घेऊन तुझं काय भलं झालं, ते आधी सांग." यावर कुणाकडेच काही सांगण्यासारखं नसायचं, कारण आम्ही सगळेच आयुष्यभर दमानं घेत आलेलो.

आम्ही शान जमातीचे. सरहद्दीच्या डोंगरापलीकडे आमची गावं होती. सैनिकांनी ती उठवली, मग पायवाटेनं रान तुडवत आम्ही अलीकडे आलो. चियांग माय शहराच्या कडेला जिथं बंगले नाहीतर हॉटेलं उभी राहतात, तिथं आमच्या पत्र्याच्या खोल्या पडतात. इमारत पुरी झाली की पत्रे उचलायचे आणि पुढच्या जागेवर ठोकायचे. मावशी आणि मी शेजारी. मधे एकच पत्रा, त्यामुळे तिच्याकडे आल्याची फोडणी पडली की शिंक मला यायची.

ती आली तेव्हा लहान मुलगी होती. आईबरोबर लसणाच्या शेतात राबली, मग संत्र्याच्या बागेत औषध फवारलं. बागेच्या मालकाची मुलगी तिच्याच वयाची होती. ती रोज सकाळी पांढरा सदरा, निळा घागरा घालून सायकलवरून शाळेत जायची आणि मावशी पाठीवर पंप घेऊन तिला वाट करून द्यायची. हे ती कधी रडून सांगायची नाही, चिडून सांगायची. "तिचा घागरा मातीला लागू नये म्हणून मी चिखलात उभी राहायची! काय गरज होती गं मला?"

बांधकामावर ती सळया बांधायची. तारेचा वेढा टाकायचा, आकडीनं पिळायचा, पुढं सरकायचं. हळूहळू सळया बांधणाऱ्या आम्ही सगळ्या बाया तिच्या हाताखाली आलो. तिची लेक बाळंतपणात गेली होती, मागं राहिली नात, हॉम. अकरा वर्षांची, काटकुळी, बोलायला आजीच्या वरताण.

कामावर पोरं आणायची नाहीत असा नियम होता. पण पोरं होती, कारण ठेवणार कुठं? साहेबलोक तपासायला येणार असले की मुकादम थावोन सगळ्यांना मागच्या लिचीच्या बागेत पिटाळायचा आणि "आवाज केलात तर आईबापाचं काम जाईल" म्हणून दम भरायचा. साहेब गेले की तोच त्यांना बोलावून फळ्यांचे खिळे उपटायला बसवायचा. म्हणजे पोरं नव्हती, आणि नसलेली पोरं काम मात्र करत होती.

असेच खिळे उपटताना एक दिवस हॉमचा पाय फळीवर पडला. खिळा तळव्यातून आत गेला. मावशीनं तो उपसला, हळद दाबली, पण दुसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला. मी आणि मावशीनं तिला आळीपाळीनं पाठुंगळी घेऊन सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली नर्स चांगली होती. सुई टोचून झाल्यावर हॉमचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून तिनं विचारलं, "कितवीत आहेस बाळा? शाळा कुठली तुझी?"

बडबड्या हॉमनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "मी फळ्यांवर असते."

नर्सला कळलं नाही. मावशीला कळलं. तिनं नर्सकडे बघून सांगितलं, "शाळेचं नाव आम्ही पुढच्या खेपेला सांगू."

परत येताना वाटेत मी म्हटलं, "मावशे, असं कशाला बोललीस? कुठली शाळा सांगणारेस?"

"ती पुलाजवळची. देवळाला लागून आहे ती."

"आपल्याला घेतात का तिथं?"

"तू विचारलंयस कधी?"

"नाही."

"मग तुला कसं ठाऊक?"

दुसऱ्याच दिवशी तिनं अर्धी रजा टाकली. चाळीतली सगळी पोरं न्हाऊ घातली, कुणाच्या केसाला तेल, कुणाचं नाक पूस. माझी लेक नूही त्यात होती. माझ्या नवऱ्याला, लाओला, हे पसंत नव्हतं. तो म्हणाला, "जा, तोंड पाडून परत या." आम्ही गेलो, आणि तसंच झालं.

हेडमास्तरांनी आम्हाला ओट्यावर उभं ठेवलं. माणूस वाईट नव्हता म्हणतात, पण वाईट नसलेल्या माणसांनीच आम्हाला जास्त वेळा परत पाठवलंय. ते म्हणाले, "जागा नाही. आणि तुम्ही लोक आज इथं, उद्या तिथं. आम्ही शिकवायचं, तुम्ही उचलून न्यायचं. शिवाय ही पोरं राहतात कुठं, हे सांगायला कोण आहे?"

"आम्ही सांगतो की! त्या हॉटेलच्या कामावर राहतात."

हेडमास्तरांनी तिथल्या तिथं कंत्राटदाराच्या हपिसात फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि ठेवला. "ते म्हणतात, त्यांच्या कामावर एकही मूल नाही."

मावशीनं मागं वळून पोरांकडे बघितलं. हॉम दुखरा पाय उचलून एका पायावर उभी होती. "मग हे कोण आहेत? भुतं?"

"ते मला काय माहीत? मालकाला इथं येऊन सांगू दे, मग बघू."

आम्ही निघालो तेव्हा दुआंगजाई बाई कुंपणापर्यंत आल्या. पहिलीच्या वर्गाच्या बाई, वयानं तरुण. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "कागद असो नसो, मुलाला शाळेत घ्यावंच लागतं, कायदा तसा आहे. पण मी बोलले तर माझं कोण ऐकणार?"

मावशी म्हणाली, "आमचंही कोण ऐकतं? पण आम्ही बोलतो."

त्यानंतर ती जे करायला लागली, त्यानं आमच्या चाळीची झोप उडाली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती पोरांना शाळेच्या कुंपणाशी नेऊन बसवायची. पहिलीचा वर्ग कुंपणाला लागूनच होता. आत बाई म्हणायच्या, "को काय," म्हणजे क कोंबडीचा. आतली पोरं मागोमाग म्हणायची. आणि त्यांच्यामागून रस्त्यावरून आमची पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "को काय! खो खाय!" ती इतकी जीव तोडून ओरडायची की देवळातली कुत्री भुंकायला लागायची. आतली पोरं हसायची, मग चेव येऊन तीही ओरडायची. त्या शाळेत तेवढी मुळाक्षरं तेवढ्या जोरात कधी कुणी म्हटली नसतील.

हेडमास्तरांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. उकाड्यानं आतली पोरं घामाघूम झाली, खिडक्या पुन्हा उघडल्या. मग शिपायाला पाठवलं. शिपाई म्हणाला, "इथं बसायचं नाही."

हॉम म्हणाली, "रस्ता शाळेचा आहे का?"

"फार बोलतेस गं!"

"आत घ्या, मग गप्प बसते."

काही दिवस असे गेले. मग थावोनच्या कानावर गेलं. त्यानं संध्याकाळी चाळीत येऊन सगळ्यांना बाहेर बोलावलं. "ज्याची पोरं उद्या त्या कुंपणाजवळ दिसतील त्याचा पत्रा मी परवा उचलणार. आणि तुमचे कामाचे परवाने माझ्या हपिसात आहेत ते विसरू नका."

तो गेल्यावर आमच्यातच जुंपली. लाओ सगळ्यात आधी उठला. "मावशे, तुला परत डोंगरापलीकडे जायचं असेल तर खुशाल जा, पण एकटी जा. आम्हाला का ओढतेस?"

"तुझी नू काल 'को'पासून 'फो'पर्यंत न अडखळता म्हणत होती. ऐकलंस?"

"त्यानं पोट भरतं का?"

"तुझं भरलंय का अडाणी राहून? लाओ, मला एक सांग. मुकादम हजेरी मांडतो ती तुला वाचता येते?"

"नाही."

"मग तो लिहील तेवढेच तू दिवस भरलेस. तुझ्या पोरीनंही तसेच भरायचे?"

लाओ तणतणत आत गेला. दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांनी आपली पोरं पाठवली नाहीत. कुंपणाशी हॉम, माझी नू आणि आणखी दोघं, एवढीच उरली. नूला पाठवलं म्हणून लाओ माझ्याशी बोलेनासा झाला. मी म्हटलं, नको बोलूस, तेवढंच माझं डोकं शांत.

पण मावशीलाही कळून चुकलं होतं की कुंपणाशी ओरडून पोरं अक्षरं शिकतील, आत जाणार नाहीत. आत जायला मालकाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. आणि मालक, म्हणजे तो कंत्राटदार, आमच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता. तो यायचा तो फक्त मोठ्या स्लॅबच्या दिवशी.

हॉटेलच्या दालनाचा स्लॅब जवळ आला होता. सगळ्यात मोठा. आम्ही बाया कित्येक दिवस त्याची जाळी बांधत होतो. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशीनं आम्हाला सावलीत बसवलं आणि भाताचा घास चावत चावत सांगितलं, "उद्या मिक्सरच्या गाड्या आल्या की कुणी उठायचं नाही. जाळीवर बसायचं."

एक बाई म्हणाली, "किती वेळ?"

"मालक शाळेत जाऊन येईस्तोवर."

"आणि गेला नाही तर?"

"काँक्रीट गाडीत आळायला लागलं की जाईल. ते कुणासाठी थांबत नाही. मी बांधकामावर म्हातारी झाले, तेवढं एक खरं मी शिकले."

कुणी हसलं नाही. कुणी हो म्हटलं नाही. मी रात्रभर विचार केला की किती जणी बसतील. मावशी आणि मी धरून दोन.

सकाळी सगळी पोरं घेऊनच आम्ही वर चढलो. मावशीनं हॉमला जाळीच्या मधोमध बसवलं, स्वतः तिच्या शेजारी मांडी घातली. मी नूला घेऊन बसले. सळया ढुंगणाला रुतत होत्या. मागं वळून बघायची माझी हिंमत होईना. मग एकेका पावलानं जाळी हलायला लागली. एक बसली, दुसरी बसली. जिनं "किती वेळ?" विचारलं होतं ती डबा घेऊनच आली होती. शेवटी सळया बांधणारी एकही बाई उभी उरली नाही.

गाड्या आल्या. एकामागं एक, पोटं गरगर फिरवत रांगेत उभ्या राहिल्या. पंपाचा पाइप वर आला. थावोन धावत आला आणि आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला.

"ए म्हातारे! हा काय तमाशा? उठा, उठा सगळ्या!"

"मालकाला बोलव."

"कशाला?"

"त्याच्या कामावर पोरं आहेत का नाहीत, एवढं बघायला. इथं समोरच बसवलीत. डोळे असले तर दिसतील."

"पोलिसांना बोलवीन! सगळ्यांना गाडीत घालून हद्दीपलीकडे सोडतील!"

मावशीनं हॉमच्या पायावरची पट्टी सोडली आणि तळवा त्याच्यापुढं धरला. "बोलव. पोलिस आले की पहिलं हे दाखवीन. खिळे कुणी उपटायला लावले तेही ही सांगेल. तिची जीभ तुला ठाऊक आहे."

हॉम म्हणाली, "सगळं सांगेन. लिचीच्या बागेचं पण."

थावोननं मग पुरुषांकडे मोर्चा वळवला. "तुमच्या बाया आवरा! लाओ, तुझी बायको उठव."

लाओ पाइपजवळ उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, नूकडे बघितलं. मला वाटलं, आता हा हाताला धरून ओढणार. पण त्यानं पायातले गमबूट काढले, बाजूला ठेवले आणि म्हणाला, "ती माझंही ऐकत नाही, मुकादम. तुमचं ऐकते का बघा." आणि तिथंच फतकल मारून बसला. त्या दिवशी मी त्याला बरंच काही माफ केलं.

ऊन चढायला लागलं. गाडीवाले शिव्या देत होते, पाणी मारत होते. थावोन फोनवर कुणाला तरी विनवत होता. शेवटी मालकाची गाडी आली. मालक वर चढला, घाम पुसला आणि थेट विचारलं, "किती पैसे हवेत?"

"पैसे नकोत."

"मग?"

"पुलाजवळच्या शाळेत चला. हेडमास्तरांना सांगा, ही पोरं माझ्या कामावर राहतात. एवढं एकच वाक्य."

"उद्या येतो. शब्द देतो. आता स्लॅब होऊ दे."

"उद्या स्लॅब झालेला असेल मालक. मग आमची पोरं पुन्हा नसलेली होतील."

खाली एका गाडीवाल्यानं हाक दिली की आता फार झालं, माल आळतोय, मी कालव्यात ओतून मोकळा होतो. मालकाच्या तोंडून एक घाणेरडी शिवी निघाली. कुणाला ते कळलं नाही, मावशीला का काँक्रीटला. मग तो वळला. "चल. बस गाडीत."

"मी एकटी नाही. पोरं पण."

मालकाच्या पांढऱ्या गाडीत आमची सिमेंटनं माखलेली पोरं कोंबली गेली. हॉमनं काच खाली करून आम्हाला हात केला. आम्ही जागच्या हललो नाही. मावशीनं बजावलं होतं, मी परत येऊन हो म्हटल्याशिवाय उठायचं नाही.

शाळेत काय झालं ते मला मागाहून दुआंगजाई बाईंनी सांगितलं. मालकाला एवढी घाई होती की तो ओट्यावरूनच ओरडला, "ही पोरं माझ्याकडे राहतात! घ्या यांना!" हेडमास्तर जागेचं बोलायला लागले. तेव्हा दुआंगजाई बाई वर्गातून बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्या वर्गात जागा आहे. नसेल तर मी उभी राहून शिकवते, नाहीतरी उभीच असते." असं म्हणून त्यांनी नूचा हात धरला आणि आत नेलं. बाकीची मागोमाग गेली. आतल्या पोरांना ती नवी नव्हतीच. एकानं विचारलं म्हणे, "आज आतून ओरडणार का?"

मावशी एकटी परत आली. जिना चढून वर आली, आमच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि म्हणाली, "उठा गं. स्लॅब टाका."

तो स्लॅब आम्ही टाकला, आणि चांगला टाकला. फुकटची नावं ठेवायला जागा ठेवली नाही. पुढच्याच आठवड्यात मावशीला कामावरून काढलं. ते होणारच होतं. थावोननं तिचा पत्राही उचलला. ती बोचकं उचलून शाळेमागच्या गल्लीत एका खोलीत राहायला गेली आणि रस्त्यावर गाडा लावला. हरभऱ्याच्या पिठाचं गरम पिठलं शेवयांवर ओतायचं, वर तिखट आणि कोथिंबीर. आमच्याकडची न्याहारीच ती. शान माणूस त्या वासावर कुठूनही येतो.

हॉटेल पुरं झालं. आमचे पत्रे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. हेडमास्तर म्हणाले होते ना, आज इथं उद्या तिथं, तर ते खरं ठरायची वेळ आली. मावशीनं निरोप धाडला: तुम्ही जा, पोरं माझ्याकडे ठेवा. अशी तिच्या एका खोलीत चाळीतली पोरं राहायला लागली. आम्ही सुट्टीच्या दिवशी तांदूळ घेऊन जायचो. पोरं आडवी झोपायची, मावशी दाराशी. कुणी शाळेला दांडी मारली तर ती पळी घेऊन मागं लागायची, ती गल्लीच्या टोकापर्यंत.

हॉमला सोपं गेलं नाही. अकरा वर्षांची घोडी सहा वर्षांच्या पोरांत बसवली. ती पोरं तिला "आजीबाई, आजीबाई" म्हणून चिडवायची. एकदा हॉम पाटी टाकून आली आणि म्हणाली, "मी नाही जाणार. मी गाड्यावर बसते."

मावशी म्हणाली, "बस ना. पण मी मरेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि शाळेत गेले तर?"

"तर एवढं बोलेन की तुला मरावंसं वाटेल."

हॉम हसली आणि गेली. तिनं दोन-दोन इयत्ता एका दमात ओलांडल्या. आज ती त्याच दवाखान्यात काम शिकतेय, आणि पोरांना सुई टोचताना शाळेचं नाव मात्र विचारत नाही, आवडता खाऊ विचारते.

मागच्या बालदिनाला शाळेत मोठा कार्यक्रम होता. आता तिथं आमची बरीच पोरं आहेत. वरचे साहेब आले होते, खुर्च्या होत्या, लाल कापड होतं. हेडमास्तर निवृत्तीला आलेत, त्यांनी भाषणात सांगितलं की या शाळेनं परक्या मुलांनाही मायेनं जवळ केलं. मग त्यांनी मावशीला पुढं बोलावलं. "पालकांच्या वतीनं आभाराचे दोन शब्द बोला."

मावशी गुडघ्यावर हात ठेवत उठली. तिच्या हातात माइक दिला, तो तिनं उलटा धरला, कुणीतरी सरळ केला.

ती म्हणाली, "मी आभार मानणार नाही."

मी खाली मान घातली. लाओ माझ्या शेजारी होता, तो मात्र मान ताठ करून बघत होता.

"दुआंगजाई बाईंचे मानते. त्यांचं पोट या नोकरीवर होतं, तरी त्या बोलल्या. बाकी कुणाचे नाही. शाळा पोरांसाठी असते. आमची पोरं पोरंच होती. जे त्यांचं होतं ते त्यांना मिळालं, आणि उशिरा मिळालं. ते मिळवायला आम्हाला सळयांवर बसावं लागलं, त्याची लाज ज्यांना वाटायला हवी त्यांनी आभार मानावेत."

साहेबांनी टाळी वाजवावी का नाही ते त्यांनाच कळेना. टाळी वाजवली ती पोरांनी, पुढं जमिनीवर बसली होती त्यांनी, आमच्या आणि त्यांच्या सगळ्यांनी मिळून. हेडमास्तर खाली बघत होते. मग त्यांनीही वाजवली, हळू.

मावशीनं माइक खुर्चीवर ठेवला आणि लुंगीला हात पुसत मंडपाबाहेर निघाली. मी मागं धावले. "मावशे, अगं थांब, जेवण आहे!"

"त्यांचं जेवण बेचव असतं. माझं पिठलं चुलीवर आहे, लागलं असेल खाली. तू येतेस का?"

मी गेले. पाठोपाठ लाओ आला, नू आली, आणि थोड्या वेळानं चपला हातात घेऊन दुआंगजाई बाईही आल्या. पिठलं खरंच लागलं होतं. आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं.